पोच येईपर्यंत

टेबलावर दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडावीत. डावं पहिल्या सर्व्हरचं, उजवं दुसऱ्याचं. दोघांच्या पोटात आपापली स्वतंत्र डिस्क आहे आणि दोघांना जोडणारी एक केबल, मधे स्विचसुद्धा न ठेवता थेट या कार्डातून त्या कार्डात गेलेली. डावीकडे एका रिकाम्या डिरेक्टरीत 'नमुना' नावाची फाइल करायची आणि उजवीकडे त्याच डिरेक्टरीची यादी मागायची. 'नमुना' तिथे असते. उजवीकडून तिच्यात एक ओळ लिहायची, डावीकडे वाचायची. ओळ तिथे असते.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात विशेष काही वाटत नाही, कारण सामायिक फोल्डर त्याने ऑफिसात रोज वापरलेला असतो. पण त्या फोल्डरला एक मालक असतो. फाइली एका यंत्रावर आणि बाकीचे सगळे तिथे मागायला जाणारे. मालक बंद पडला की सगळ्यांचाच खोळंबा. आपल्या टेबलावरच्या जोडीत असा मालक नाही. फाइल दोन्ही डिस्कवर आहे, दोन्ही सर्व्हर तिला आपली म्हणून थेट हात लावतात, आणि कुठल्याही एकाची वीज काढली तरी दुसरा काही काळ थबकून पुढे चालू लागतो.

हे साधणाऱ्या कृती दोन. खालची डीआरबीडी. व्हिएन्नात फिलिप राइस्नर यांनी विद्यार्थिदशेत प्रबंधासाठी सुरू केलेली, पुढे लार्स एलेनबर्ग यांच्या सोबतीने वाढवलेली. फेब्रुवारी २०१० मध्ये, २.६.३३ या आवृत्तीत, ती लिनक्सच्या गाभ्यात आली. वरची ओसीएफएस२, ओरॅकलमधल्या अभियंत्यांनी लिहिलेली क्लस्टर फाइल सिस्टिम. ती मार्च २००६ मध्ये, २.६.१६ या आवृत्तीसोबतच गाभ्यात आली होती. दोघी वेगळ्या घरांत, वेगळ्या गरजेपोटी जन्मल्या. खालचीला फाइल म्हणजे काय ते ठाऊक नाही. वरचीला आपल्या पायाखाली एक नसून दोन डिस्क आहेत याचा पत्ता नाही. बरीच वर्षं ही जोडी चालवल्यावर मला तिच्यात सगळ्यांत मोलाचं जे वाटतं, त्याला आपल्याकडे पोस्टाच्या खिडकीपासून सावकाराच्या वहीपर्यंत चालणारा शब्द आहे: पोच. पत्र टाकलं एवढ्याने भागत नाही, पोचल्याची खूण हातात यावी लागते. पोच कधी द्यायची, कोणाच्या भरवशावर द्यायची आणि समोरून ती आलीच नाही तर काय करायचं, हे या दोन्ही कृतींनी ज्या बारकाईने ठरवलं आहे, ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

डीआरबीडी बसते कुठे, ते आधी पाहू. वर फाइल सिस्टिम, खाली डिस्कचा ड्रायव्हर, आणि मधल्या फटीत ही. वरून पाहणाऱ्याला ती एक साधी डिस्क दिसते. वरून आलेलं प्रत्येक लेखन ती दुहेरी करते: एक आपल्या डिस्ककडे, एक केबलवरून जोडीदाराकडे, दोन्ही एकाच वेळी. वाचन मात्र एरवी घरच्याच डिस्कवरून, केबलला हात न लावता. म्हणजे पोच देण्याचा प्रश्न फक्त लेखनाचा उरतो, आणि त्याला तिने तीन उत्तरं ठेवली आहेत. 'ए' प्रोटोकॉलमध्ये आपल्या डिस्कवर लिहून झालं आणि जोडीदारासाठीची प्रत बाहेर जाणाऱ्या बफरमध्ये पडली की फाइल सिस्टिमला 'झालं' म्हणून सांगायचं. पत्र पेटीत टाकलं तेवढ्यावर. 'बी'मध्ये जोडीदाराच्या हाती ते पडलं पाहिजे, त्याने अजून डिस्कवर उतरवलं नसलं तरी चालेल. 'सी'मध्ये दोन्हीकडच्या डिस्कवर ते उतरल्याशिवाय 'झालं' हा शब्द उच्चारायचाच नाही. दोन्ही सर्व्हर एकाच वेळी लिहिणार असतील तर 'सी'वाचून गत्यंतर नसतं. प्रत्येक लेखनाला केबलवरून एक येरझार मोजावी लागते, आणि ती जाणवते. पण त्या बदल्यात मिळालेला 'झालं' हा शब्द असा असतो, की त्यानंतरच्या क्षणी दोघांतला कुठलाही एक सर्व्हर जळून गेला तरी तो खोटा पडत नाही.

आता एक जागा अशी, जी पटकन नजरेतून निसटते. कोणतीही डिस्क आलेली लेखनं सोयीप्रमाणे मागेपुढे करते, वेगासाठी ते आवश्यकही असतं. पण काही क्रम मोडून चालत नाहीत. दुकानाच्या हिशेबात आधी रोजकीर्द आणि मग खतावणी; खतावणीत रक्कम आहे पण कीर्दीत नोंदच नाही, असं झालं की हिशेब गेला. फाइल सिस्टिमच्या जर्नलचंही असंच. डीआरबीडीला तर जर्नल कळत नाही, फाइल कळत नाही. तिला दिसतात ते फक्त ब्लॉक. मग कोणता क्रम पाळायचा आणि कोणता मोडला तरी चालेल, हे जोडीदाराला तिने कसं कळवायचं? वरच्याला विचारायची सोय नाही. राइस्नर यांनी शोधलेलं उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो. ज्या लेखनाची पोच आपण वरच्याला अजून दिलेलीच नाही, त्याच्या भरवशावर वरच्याने पुढचं लेखन पाठवलेलं असणं शक्य नाही. त्याला अजून माहीतच नाही की ते झालं! तेव्हा पोच न दिलेली सगळी लेखनं एकमेकांपासून मोकळी. ती एका गठ्ठ्यात बांधायची. या गठ्ठ्याला ते 'एपॉक' म्हणतात. एखाद्या लेखनाची पोच वर गेली की त्यानंतर येणारं लेखन कदाचित तिच्यावर विसंबून असेल, म्हणून तिथे गठ्ठा बंद करायचा, बॅरियरची एक चिठ्ठी पाठवायची आणि नवा गठ्ठा उघडायचा. जोडीदाराने गठ्ठ्याच्या आत हवं तसं मागेपुढे करावं, गठ्ठ्याची सीमा मात्र ओलांडू नये. समोरच्याच्या मनात काय आहे हे न विचारता, आपण त्याला काय सांगितलं एवढ्यावरून त्याच्या मनातला क्रम ओळखायचा! हिशेबाच्या भाषेतलं एक अक्षरही न येणाऱ्या कारकुनाने कीर्द-खतावणीचा क्रम बिनचूक राखावा, तशी ही करामत आहे.

नोंदवहीचं कामही तितकंच नेटकं. जोडीदार गैरहजर असताना कोणकोणते ब्लॉक बदलले हे लक्षात ठेवायला डीआरबीडी एक नकाशा बाळगते: डिस्कच्या दर चार किलोबाइटांना एक बिट. एक गिगाबाइटला ३२ किलोबाइट, एक टेराबाइटला ३२ मेगाबाइट. एवढ्याशा वहीवर एवढ्या मोठ्या डिस्कची आठवण. तासाभराने जोडीदार परतला तर सगळी डिस्क पुन्हा पाठवावी लागत नाही, बिट चढलेले ब्लॉक तेवढे पाठवायचे.

पण वीज आपलीच गेली तर? त्या क्षणी काही लेखनं आपल्या डिस्कवर उतरलेली, जोडीदाराकडे न पोचलेली असू शकतात, किंवा नेमकी उलट; आणि नकाशात त्याची नोंद नाही, कारण प्रत्येक लेखनाआधी नकाशा डिस्कवर लिहायचा म्हटलं तर कामाचा वेग बसेल. इथे ॲक्टिव्हिटी लॉग येतो. डिस्कचे चार-चार मेगाबाइटांचे पट्टे कल्पायचे. ज्या पट्ट्यात सध्या लिहिणं चालू आहे तो 'हॉट', आणि हॉट पट्ट्यांची यादी डिस्कवर आधीच टिपलेली. त्या पट्ट्यात पुढची हजार लेखनं झाली तरी वही पुन्हा उघडावी लागत नाही. नव्या, थंड पट्ट्याला हात लावायचा असेल तेव्हाच एक नोंद, तीही हात लावण्याआधी. ८.४ या आवृत्तीत, वेगळं ठरवलं नसेल तर, एका वेळी १२३७ पट्टे हॉट राहतात, म्हणजे पाच गिगाबाइटांहून किंचित कमी जागा. अपघात झाला की तेवढीच संशयित जागा पुन्हा जुळवायची. उरलेल्या टेराबाइटांबद्दल डीआरबीडी छातीठोकपणे सांगते की ती सारखी आहेत. आपल्या अज्ञानाची हद्द आधीच आखून ठेवणं आणि ती परवडेल इतकीच ठेवणं, हे ज्याला सुचलं त्याला रात्री-अपरात्री सर्व्हर उठवण्याचा अनुभव असणार.

एरवी डीआरबीडीत एक 'प्रायमरी' असतो आणि एक 'सेकंडरी': एक लिहिणारा, एक निमूटपणे प्रत ठेवणारा. आठव्या आवृत्तीपासून 'अलाउ-टू-प्रायमरीज' हा पर्याय आला आणि दोघांनाही लिहिता येऊ लागलं. इथे रचनाकारांनी ओढवून घेतलेला एक अवघड प्रसंग आहे: दोघांनी एकाच क्षणी एकाच ब्लॉकवर वेगवेगळा मजकूर लिहिला तर? डावीकडे आधी डावा मजकूर उतरेल आणि मग उजवीकडून आलेला. उजवीकडे बरोबर उलटं. दोन्ही डिस्क 'झालं' म्हणतील आणि दोघींवरचा मजकूर वेगळा असेल. धड फाइल सिस्टिम असा प्रसंग येऊच देत नाही. तरी डीआरबीडी त्या भरवशावर राहत नाही. जोडणी होतानाच दोघांपैकी एकाला ती निवाड्याचा अधिकार देते. टक्कर झालीच तर कोणतं लेखन टाकून द्यायचं हे तो ठरवतो, आणि दोन्हीकडे शेवटी एकच मजकूर राहतो. कोणता राहिला याला महत्त्व नाही, खरीखुरी सामायिक डिस्कही एवढंच वचन देते. दोन वेगळ्या लोखंडी डिस्कना एका डिस्कसारखं वागायला लावायचं तर तिच्या सद्गुणांइतक्याच तिच्या मर्यादाही हुबेहूब उतरवाव्या लागतात, हे भान मला या कृतीतलं फार वरच्या दर्जाचं वाटतं.

आता वरच्या मजल्यावर. डिस्क तर एक झाली. मग तिच्यावर रोजच्या वापरातली ईएक्सटी४ ठेवून दोन्हीकडून माउंट का करू नये? पंचतंत्रातला भारंड पक्षी आठवावा. पोट एक, माना दोन. एका चोचीला गोड फळ मिळालं, दुसरीला वाटा मिळाला नाही, तिने रागाने विषारी फळ खाल्लं आणि पोट एकच असल्याने दोघी मेल्या. ईएक्सटी४ अशा पोटासाठी लिहिलेली नाही. आपण एकटेच खातो असं ती धरून चालते. कोणते ब्लॉक रिकामे हे ती एकदा वाचते आणि स्मरणात ठेवते. पलीकडच्याने तेवढ्यात त्यातला एक वापरला तरी तिला कळण्याचा मार्ग नाही. राग नको, लोभ नको. दोन्ही चोचींना एकमेकींचं माहीत नसणं एवढंच विष पुरतं. पहिले काही क्षण सगळं सुरळीत भासतं आणि मग एका फाइलच्या पोटात दुसरीचे तुकडे निघू लागतात.

ओसीएफएस२ त्या दोन मानांमधे बोलणं घडवते. साधन लॉकचं, आणि लॉकची ही रीत जुन्या घराण्याची आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८०च्या दशकात आपल्या व्हॅक्सक्लस्टरसाठी व्हीएमएसमध्ये सहा पातळ्यांचा लॉक मॅनेजर केला होता. ओसीएफएस२ने त्यातल्या तीनच उचलल्या: काही नको, वाचायचं आहे म्हणून इतर वाचकांसोबत, आणि लिहायचं आहे म्हणून एकट्याने. तिचं कौशल्य लॉक घेण्यात फारसं नाही, न सोडण्यात आहे. डाव्या सर्व्हरने 'नमुना'वर लिहायचा लॉक घेतला, लिहिलं, काम संपलं. लॉक तो परत करत नाही, स्वतःजवळ ठेवतो. पुन्हा लिहायचं झालं तर कोणाला विचारायला नको. उजव्याने त्याच फाइलची मागणी केली, की डाव्याकडे निरोप येतो: कोणीतरी खोळंबलं आहे. तेव्हा डावा आपल्या स्मरणातला मजकूर डिस्कवर उतरवतो आणि लॉकची पातळी एकेक पायरी नव्हे, गरजेपुरती खाली आणतो. उजव्याला नुसतं वाचायचं असेल तर डावाही वाचकाच्या पातळीवर थांबतो आणि स्मरणातली पानं जपतो. उजव्याला लिहायचं असेल तरच सगळं सोडून पानं टाकून देतो. मागणाऱ्याला हवं तेवढंच सोडायचं, ही काटकसर पाहत राहावी अशी आहे.

आणि त्या सोडण्यासोबत एक भेट जाते. लॉकच्या निरोपाला चिकटून ६४ बाइटांची एक चिठ्ठी पाठवता येते. ओसीएफएस२ त्यात फाइलची लांबी, मालक, परवानग्या, दुव्यांची संख्या आणि तीन प्रकारच्या वेळा लिहून पाठवते: शेवटचं वाचन, शेवटचं लेखन, शेवटचा बदल. समोरच्याला फाइलची माहिती हवी असेल तर डिस्ककडे जायची गरजच उरत नाही. कुलपाची जी किल्ली हाती आली तिच्याच जुडग्याला ती बांधलेली असते. ६४ बाइट म्हणजे काही फार नव्हे, म्हणून वेळा दाबून बसवल्या आहेत. प्रत्येक वेळेला एक ६४ बिटांचा शब्द: वरचे ३४ बिट सेकंदांचे, खालचे ३० नॅनोसेकंदांचे. सेकंदात एक अब्ज नॅनोसेकंद असतात आणि ३० बिटांत एक अब्ज सात कोटींच्या वर मावतात, म्हणजे जेमतेम पुरतात. उरलेल्या ३४ बिटांत सेकंद मोजत गेलं तर काही शतकं सहज निघतात. एका बिटाचा अपव्यय नाही, एका बिटाची चणचण नाही. जुन्या पैठणीचा पदर उलटा करून पाहणारी माणसं असतात. हा कोड तशा नजरेने पाहावा.

बाकीची मांडणीही 'कमीत कमी विचारावं लागो' या एकाच हेतूने झाली आहे. डिस्कवरच एक गुप्त डिरेक्टरी असते, तिच्यात प्रत्येक सर्व्हरच्या नावाने नव्हे तर जागेच्या क्रमांकाने वेगळ्या फाइली. शून्य क्रमांकाच्या जागेचं जर्नल वेगळं, एक क्रमांकाचं वेगळं. दोघांनी एका कीर्दीत लिहायचा प्रसंगच नाही. रिकाम्या जागेचा मुख्य नकाशा एकच, पण प्रत्येक सर्व्हर त्यातून एक सलग तुकडा आधीच आपल्या नावे काढून घेतो आणि छोट्या फाइलींना त्यातूनच जागा देतो, जसा मोठ्या घरात महिन्याचा शिधा कोठारातून एकदाच निघतो आणि रोजच्या स्वयंपाकाला कोठाराची किल्ली मागावी लागत नाही. डावीकडे फाइल पुसली पण उजवीकडे ती अजून कोणी उघडून बसलं असेल, तर तिला पोरक्यांच्या डिरेक्टरीत ठेवतात आणि उजवीकडचा हात सुटल्यावरच तिची जागा मोकळी होते. हा शेवटचा तपशील वाचकाने एकदा स्वतः करून पाहावा: एकीकडे लॉग फाइल वाचत ठेवायची, दुसरीकडून ती पुसायची, आणि वाचणाऱ्याचं वाचन न तुटता चालू राहिलेलं पाहायचं.

इथपर्यंतचं सगळं पोच येत असतानाचं. आता शांततेचं.

समोरून काही येत नाही याची कारणं दोन असू शकतात: जोडीदार मेला, किंवा केबल तुटली. आपल्या बाजूला उभं राहून या दोन शांतता वेगळ्या ओळखता येत नाहीत. कितीही हुशार कोड लिहिला तरी नाही. मेला असेल तर त्याचं काम आपण हाती घेतलं पाहिजे. केबल तुटली असेल तर तोही आपल्याबद्दल हाच विचार करत असणार. दोघांनी काम हाती घेतलं की भारंडाचं पोट उभं फाटतं.

ओसीएफएस२ मुळात लिहिली गेली ती खऱ्या सामायिक डिस्कसाठी, आणि तिथे तिने दोन स्वतंत्र साक्षीदार नेमले आहेत. एक नेटवर्क. दुसरा डिस्कवरचा ठोका: प्रत्येक सर्व्हर दर दोन सेकंदांनी आपल्या वाट्याच्या ब्लॉकात नवा आकडा लिहितो आणि शेजाऱ्याचा ब्लॉक वाचतो. नेटवर्क तुटलं पण शेजाऱ्याचा आकडा बदलतो आहे, म्हणजे तो जिवंत आहे. तेव्हा दोघांपैकी कमी क्रमांकाचा राहतो आणि दुसरा स्वतःला रीसेट करतो. डिस्कवर आपलाच ठोका उतरेना, तर साठ सेकंद वाट पाहून सर्व्हर स्वतःहून पडतो. मी लिहिलेलं कोणाला दिसत नाही, म्हणजे माझ्यावर कोणी विश्वास ठेवू शकत नाही. मग मी नसलेलं बरं. यंत्राला दिलेला हा संस्कार मला नेहमी हलवून जातो.

पण आपल्या जोडीत खाली डीआरबीडी आहे, आणि या विवाहातली सगळ्यांत नाजूक जागा नेमकी ही. डिस्कवरचा ठोकाही त्याच केबलवरून जातो! केबल तुटली की दोन्ही साक्षीदार एकाच क्षणी गप्प होतात. डाव्याचा ठोका डाव्या डिस्कवर उत्तम उतरतो, उजव्याचा उजव्या. दोघांना स्वतःचा ठोका दिसतो, दुसऱ्याचा थांबलेला दिसतो, आणि दोघेही अगदी नियमाप्रमाणे निष्कर्ष काढतात की आपण एकटे उरलो. ओसीएफएस२कडून यात काही चूक नाही. तिला दिलेल्या डिस्कने ऐन वेळी एक असल्याचं सोंग टाकलं.

माझ्यावर हे एकदा आलं आहे. एका छोट्या कार्यालयात मी ही जोडी बसवली, वरचं सगळं नीट केलं आणि ही एक जागा मोकळी ठेवली. केबल सैल झाली. दोन तास दोन सर्व्हरांनी दोन वेगळी कार्यालयं चालवली. केबल बसवल्यावर डीआरबीडीने जे केलं त्याने मी तिचा कायमचा चाहता झालो. ती जुळवायला धावली नाही. आधी तिने वंशावळ पाहिली. प्रत्येक बाजू आपल्या मजकुराच्या पिढ्या ओळखचिन्हांनी नोंदून ठेवते: सध्याची पिढी, नकाशा जिथून सुरू झाला ती, आणि दोन मागच्या. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय समोरच्याच्या आजा-पणजाचं नाव विचारून वही उघडतात आणि कोणती शाखा कुठे फुटली ते सांगतात, तसं ही करते. याची सध्याची पिढी त्याच्या नकाशाच्या पिढीशी जुळली तर तो पुढचा, हा मागचा. नकाशाप्रमाणे फरक पाठवायचा. काहीच जुळलं नाही तर 'अनरिलेटेड डेटा' म्हणून हात आखडायचा. आणि मूळ एक पण दोन्हीकडे नवी पिढी वाढलेली, तर 'स्प्लिट-ब्रेन' असं लॉगमध्ये लिहून जोडणी सोडून द्यायची. कोणाचे दोन तास टाकायचे हा निर्णय तिने माझ्यावर सोपवला. एकीकडे काहीच बदललं नसेल तर ती दुसरीकडचं बिनदिक्कत घेते, तसा पर्याय देता येतो. दोन्हीकडे माणसांनी काम केलेलं असताना मात्र ती अंदाज करत नाही. त्या रात्री मी दोन्हीकडच्या फाइली हाताने ताडून पाहिल्या, आणि सकाळपर्यंत त्यांतली एकही गेली नव्हती.

मोकळी राहिलेली ती जागा भरायची रीतही डीआरबीडीतच आहे: फेन्सिंगची 'रिसोर्स-अँड-स्टोनिथ' ही पातळी. तिचा क्रम लक्षपूर्वक पाहावा. जोडीदार साधारण सहा सेकंद उत्तर देईना, की डीआरबीडी पहिल्यांदा स्वतःलाच गोठवते. वरून येणारं लेखन घेते, पण कोणालाच 'झालं' म्हणत नाही. मग एक स्क्रिप्ट बोलावते. स्क्रिप्ट वेगळ्याच वाटेने, सर्व्हरच्या व्यवस्थापन-कार्डाकडे जाऊन, जोडीदाराची वीज तोडते आणि तोडल्याची खात्री झाली की ७ हा आकडा घेऊन परत येते. शांतता दोन प्रकारची होती ना? आता ती एकाच प्रकारची करून टाकली. जोडीदार मेलेला नसला तरी आता नक्की मेला. तेव्हाच गोठलेली लेखनं सुटतात. दोघांनी एकाच क्षणी एकमेकांची वीज तोडू नये म्हणून एकाच्या हाताला काही सेकंदांचा उशीर लावून ठेवतात.

आणि वेळांची उतरंड पाहा. डीआरबीडीला कळतं सहा सेकंदांत, ओसीएफएस२च्या नेटवर्कला तीस सेकंदांत, डिस्कच्या ठोक्याला साठ सेकंदांत. खालचीचा निवाडा वरचीने शंका घेण्याआधी संपलेला असतो. आणि समजा स्क्रिप्ट परतलीच नाही, व्यवस्थापन-कार्डाचीही वाट बंद होती. मग लेखन गोठलेलंच राहतं, ठोकाही गोठतो, आणि साठ सेकंदांनी वरची ओसीएफएस२ आपल्याच नियमाने त्या सर्व्हरला पाडते. या दोन कृतींच्या लेखकांनी एकमेकांसाठी हे रचलं नव्हतं. तरी एकीचं गोठणं आणि दुसरीचं पडणं यांचा सांधा असा बसतो, की मधून खोटी पोच निसटायला फट राहत नाही.

ही जोडी सगळीकडे वापरावी असं मी म्हणणार नाही. दोन्हीकडून एकाच डिरेक्टरीत धडाधड फाइली होऊ लागल्या की लॉक इकडून तिकडे नुसता येरझारा घालतो. पुष्कळ ठिकाणी एक प्रायमरी, एक सेकंडरी आणि वर साधी फाइल सिस्टिम एवढंच पुरतं, आणि तेच करावं. पण चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न थांबवता न्यायचं असेल, तर दोघांना एकच डिस्क एकाच वेळी दिसावी लागते. तिथे दोन प्रायमरींची खरी गरज आहे.

शेवटी परतीचा प्रवास पाहण्यासाठी पुन्हा त्या दोन टर्मिनलांपाशी बसावं. उजव्याची वीज तोडली गेली आहे. डाव्याने सुमारे मिनिटभर वाट पाहिली, उजव्याचं जर्नल स्वतः उघडून त्यातली अर्धवट कामं पुरी केली, आणि त्याचे लॉक मोकळे केले. उजवा पुन्हा सुरू होतो. डीआरबीडी दोन्ही वंशावळी ताडते, डावा पुढचा ठरतो, आणि नकाशावर बिट चढलेले ब्लॉक वाहू लागतात. या वेळात उजव्याने न जुळलेला ब्लॉक वाचायला मागितला तर तो केबलवरून डाव्याकडून आणून दिला जातो, म्हणून जुळणी पुरी व्हायची वाट न पाहताही त्याला प्रायमरी करता येतं. टक्केवारी चढते. 'इनकन्सिस्टंट' जाऊन 'अपटूडेट/अपटूडेट' येतं. उजवीकडे माउंट केलं की क्रमांकाची एक रिकामी जागा त्याला मिळते, आणि दोन सेकंदांनी डाव्याला शेजारच्या ब्लॉकातला आकडा बदललेला दिसतो.